परदेशी सुकेळी

भुईगाव, वसई
८ एप्रिल २००१

चि. एडवर्डास,
अ. उ. आ.

तू बहारीनला मजेत असशीलच. इथे तुझ्या थोरल्या भावाची झोप उडाली आहे. एक तारखेपासून सरकारने परदेशी मालाला दारं सताड उघडली. मी आधी एप्रिल फूल समजलो. पण ज्युलियस मास्तर पेपर वाचून सांगतात, आता सगळं बोटीने येणार. मग उन्हात वाळवून पानात बांधलेली आपली सुकेळी कोण विचारतो? त्यात रुपया घसरतोय.

म्हणून राजेळी केळीची वाडी बिल्डरला द्यायची ठरवली आहे. एकतीस मेला सह्या. वाडी दोघांच्या नावावर, तेव्हा संमती कळव. उर्सुला माझ्याशी बोलत नाही, नुसती ताटं आपटते.

लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवायला वाडी उरणार नाही.
तुझा दादा,
बेसिल

मनामा, बहारीन
२ मे २००१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे दादा, घाई कसली? सरकारने दार उघडलं, पण उंबरठ्यावर जकात बसवली आहे. ती वाढवली की परदेशी माल महागच पडतो. आणि रुपया घसरला म्हणून ऊर बडवू नकोस. रुपया स्वस्त, तर आपला माल इथे स्वस्त. शिपिंग कंपनीत आठ वर्षं खर्डेघाशी करून एवढं कळलं आहे.

पण खोटं कशाला बोलू? परवा इथल्या मोठ्या दुकानात डबाबंद सुकेळी दिसली. चकचकीत डबा, वर इंग्रजी आणि अरबी. भाव ऐकून मलाच घाम फुटला. दोन डबे घेतले, पण फोडायचं धाडस झालं नाही. आपली ज्युली आहे ना, तिच्या नवऱ्याबरोबर, रॉकीबरोबर, पाठवतो. चाखून बघ. त्यांच्यापुढे आपला टिकाव नाही असं वाटलं, तर मीही मुकाट्याने सही करीन.

वहिनीला म्हणावं, ताटं जपून. रागासकट लोभ असू दे.
तुझा,
एडवर्ड

भुईगाव
२० मे २००१

चि. एडवर्डास,
अ. आ.

तुझ्या दादांना लाज वाटते, म्हणून मी लिहिते.

डबे पोचले. रॉकीचं सामान जास्त भरलं म्हणून कस्टमवाल्यांनी सगळ्यावर ड्यूटी घेतली, या डब्यांवरसुद्धा. दादांनी एक सुकेळी तोंडात टाकली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाले, अशी चव आपल्याला सात जन्मात जमायची नाही, वाडी गेली समज. मास्तरांनी चार खाऊन मान डोलावली.

त्यांनी टाकलेलं डब्यातलं पान मी उचललं. केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ उलटी, डावीकडून मारलेली. या उलट्या गाठीपायी तुझ्या आईने मला वीस वर्षं टोमणे मारले, आठवतं? गावात सुकेळी बांधणारी डावखुरी मी एकटीच. लुईस दलालाने फेब्रुवारीत नेलेला आपलाच माल रे तो!

दादांनी ती गाठ स्वतः सोडून पाहिली. मग बिल्डरला निरोप धाडला, सही होणार नाही. आता घोकतात एकच, की घरच्या केळ्यांवर आपणच जकात भरली.

पुढचा माल थेट तुझ्याकडे येईल. डब्यावर हवं ते छाप, आत गाठ माझीच असेल. लोभही त्याच गाठीने बांधून पाठवते.
तुझी वहिनी,
उर्सुला