तुझं अर्धं वाक्य

प्रिय आर्नी,

हामेनलिन्नाला सुखरूप पोचलास ना? उमेदवारी संपवून तू गेलास आणि इथे टाम्पेरेत ऑफिसातली तुझी खुर्ची तशीच आहे. मी तिच्यावर माझा कोट टाकून ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. आपल्या ऑफिसने नकाशे केलेल्या त्या जुन्या इमारतीत पाइप बदलायचं काम सुरू झालंय. पहिल्या जिन्याच्या न्हाणीघरांच्या फरश्या उखडल्यात, धूळ नुसती! तिथल्या केर्त्तु आजी मांजर घेऊन बहिणीकडे राहायला गेल्यात, पण शनिवारी न चुकता तळघरातल्या सौनात, त्या वाफेच्या न्हाणीत, हजर. सौना चालू आहे म्हणून रहिवासी खूश आहेत.

परवा कपाट आवरताना विद्यार्थी संघटनेतला माझा कापडी बिल्ले शिवलेला ओव्हरऑल सापडला. मी अध्यक्ष, तू चिटणीस. तू रात्रंदिवस खपून कागद तयार करायचास आणि प्राध्यापकांसमोर तोंड मी चालवायची. तुमच्या हामे प्रांतातल्या माणसाला विनोद सांगितला तर तो तिसऱ्या दिवशी हसतो, असं म्हणून मुलं तुला पिडायची. त्यावर तू बराच वेळ विचार करून म्हणाला होतास, "दुसऱ्याच दिवशी. मधे रविवार आला म्हणून तिसरा." वर्ग हसून लोळला होता. मी पडले कारेलियाची, आमच्याकडे पाळण्यातलं मूलही गप्प बसत नाही. त्यात वक्तृत्वाच्या बाईंनी शिकवलं की सभेत बोलण्यात रिकामी जागा दिसली की ती आपण भरायची, नाहीतर दुसरा भरतो. मी ती खूणगाठच बांधून घेतली. पुढे तुझी वाक्यंही मीच पूर्ण करायला लागले, आणि याला मी मैत्री म्हणत होते.

रहिवाशांची सभा तुला आठवतेच. चार महिने ना अंघोळ ना संडास, कुठे जायचं आम्ही, म्हणून सगळे भडकले होते. काम नामंजूर होणार हे आपल्या साहेबीण मार्युक्काच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा तू उठलास. "सौना... बंद करायची गरज नाही," एवढं म्हणालास आणि थांबलास. खोलीत कुणी हललं नाही. केर्त्तु आजींनी कप खाली ठेवला आणि त्या तुझ्याकडे बघत राहिल्या. आपली माणसं थांबतात रे, त्यांना थांबता येतं. तू अडखळलास म्हणून मी मदतीला धावले, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. तू अडखळला नव्हतास, विचार करत होतास. आणि मी बघितलं ते एवढंच, की आपल्या साहेबीणबाईंनी टिपणासाठी पेन उचललं.

मग मी घडाघडा बोलले. एका वेळी एकाच जिन्यावरच्या घरांचं काम घ्यायचं, सौनाला तात्पुरती वेगळी नळी जोडायची, तिथेच सगळ्यांच्या अंघोळी, शेजारचा संडासही चालू, बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. आदल्या दिवशी तू माझ्यासमोर बसून आखलेली योजना, शब्द न् शब्द. टाळ्या पडल्या, कॉफी आणि वेलदोड्याचा पाव फिरला. तू खाली बसलास. निघताना केर्त्तु आजींनी माझी बाही धरली. "कारेलियाची ना गं तू? वाटलंच. श्वास कधी घेतेस? त्या पोराचं वाक्य अर्ध्यात होतं." मी हसण्यावारी नेलं. ट्राममध्ये तू म्हणालास, "झालं मंजूर, बरं झालं." तू ते मनापासून म्हणालास, हेच मला जास्त लागतं.

तू गेल्यावर मार्युक्काने मला बोलावलं. तुम्हा दोघा उमेदवारांत कायमची जागा एकच आहे, ती तुला देते, म्हणाली. "पुढारपण तुझ्या रक्तातच आहे. आर्नी गुणी मुलगा, पण चार माणसांत त्याला शब्द फुटत नाही." आणि मी तिला थँक्यू म्हटलं! हो म्हणून हातही मिळवला. सोमवारी जाऊन तिला सगळं सांगितलं, ती कल्पना आर्नीची होती म्हणून. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग तो तेव्हाच का नाही बोलला?" मी लगेच सुरू झाले. तो भिडस्त आहे, त्याला श्रेयाची हाव नाही, त्याला नकाशातच बरं वाटतं... ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अगं, हे तो सांगेल की! त्याचं उत्तरही तूच देणार का?" इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती.

जागेला दिलेला होकार मी परत घेतलाय. ती महिनाअखेरपर्यंत रिकामी राहील. मार्युक्काला तुझ्याशी बोलायचंय, तुला सोयीचं असेल तेव्हा ये. मी त्या खोलीत नसेन. ही नोकरी तुला हवी आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. चार वर्षं शेजारी बसून तुला काय हवंय हे मला माहीत नाही, कारण वाक्याच्या शेवटापर्यंत मी तुला कधी पोचूच दिलं नाही. माझा राग आला असेल तर तसं लिही, तोंड पाहायचं नसेल तर तेही लिही. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. मी स्वतःला ओळखते ना! तू पलीकडे जरा थांबला असतास, आणि तुझ्या वतीने मीच मला माफ करून मोकळी झाले असते.

तुझीच, आणि आता ऐकायला बसलेली,
हेल्मी