दात असलेले टायर

५ नोव्हेंबर १९५७

सात वेळा. मी मोजलं. ताटावर बसल्यापासून हात धुईपर्यंत "अंबिका म्हणते" सात वेळा. गेल्या महिन्यापर्यंत ती "मिस तळपदे" होती.

बोलणं कशावर, तर टायरवर. यांच्या ऑफिसची तुकडी जानेवारीत कच्छच्या पलीकडे, थरच्या वाळवंटात जाणार — जमिनीखाली गोडं पाणी कुठे आहे ते शोधायला. दोन लॉऱ्या. लॉऱ्या आणि सामान यांच्याकडे. दगड-माती तपासायचं काम अंबिकाकडे. टायर कुठले घ्यायचे तेवढं ठरत नाही. यांनी भातावर आमटी घेतली आणि कालवायची विसरले. टायरवर बोलताना माणसाचा चेहरा इतका खुलतो?

मी परळच्या टायरवाल्याची मुलगी. अप्पांच्या दुकानात, तापलेल्या रबराच्या वासात वाढले. लग्नाला सहा वर्षं झाली, यांनी मला सायकलच्या टायरबद्दलसुद्धा कधी विचारलं नाही. ऑफिसात सांगताना सासऱ्यांचा "रबराचा व्यवसाय" असतो.

७ नोव्हेंबर

तिचं लग्न झालेलं नाही. मी विचारलं नव्हतं. यांनीच सांगितलं.

१० नोव्हेंबर, रविवार

ती चहाला आली होती. उंच आहे. मनगटावर पुरुषी घड्याळ, हात कोपरापर्यंत रापलेले. पोहे आवडले म्हणाली, मागून घेतले. मला "वहिनी" म्हणते. आल्या आल्या कॅटलॉग जमिनीवर पसरून त्याच्याशेजारी फतकल मारून बसली. हेही बसले. आमच्या घरात हे जमिनीवर फक्त जेवायला बसतात.

कॅटलॉगात दोन तऱ्हा. एक खोल दातांचे, बोट आत जाईल एवढ्या खाचा. दुसरे जवळजवळ सपाट, नुसत्या रेघा ओढलेले. यांचं म्हणणं, दात खोल तेवढी पकड जास्त. ती म्हणाली, "चिखलात असेल. वाळूत मला खात्री नाही. वाळवंटात गाड्या सांभाळलेलं कोणी मुंबईत भेटेल का हो?"

मी कपबशा घेऊन उभी होते. अप्पा लढाईत तीन वर्षं मिसरच्या वाळवंटात होते, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये. दिवसाला तीस-तीस टायर उतरवायचे. हे यांना ठाऊक आहे. मी यांच्याकडे बघितलं. हे कपात बघत होते.

मग मीही नाही बोलले. बोलले असते तर तिला आनंद झाला असता.

१२ नोव्हेंबर

आज हळूच म्हणाले, "अप्पांना विचारून बघ ना. कागदावर लिहून आण. कोणाचं आहे ते सांगायची गरज नाही."

१४ नोव्हेंबर

ट्रामने परळला. दुकानासमोर समितीचे दोन ट्रक उभे, महिनाअखेर मोर्च्यासाठी प्रतापगडला जायचेत. अप्पा त्यांची पंक्चरं फुकट काढतात. "मुंबई मिळेपर्यंत काढतलंय," म्हणतात. कळकट बनियन, वर तो जुना खाकी कोट. मला टायरच्या थप्पीवर बसवलं, गुणाजीला चहा आणायला पाठवलं. गुणाजी दुकानातला जुना फिटर, अप्पांपेक्षाही म्हातारा दिसतो आता.

अप्पांची उजव्या हाताची दोन बोटं चाकाची लोखंडी रिंग उडून गेली, तेव्हापासून त्यांची पत्रं मीच लिहिते. आज ते सांगत गेले, मी लिहीत गेले.

"दात असलेलो टायर वाळूत फिरलो काय कुदळीसारखो खणता गो. खड्ड्यात आपणच बसता." वाळूला सपाट आणि रुंद. मागची दुहेरी चाकं काढायची, एकेकच मोठं घालायचं, म्हणजे मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीतून जातं, नवी वाळू फोडावी लागत नाही. वाळू लागली की हवा निम्म्यावर आणायची, टायरला पोट सुटलेलं दिसलं पाहिजे. पण दगड लागले की उतरून पुन्हा हवा भरायची, आळस करायचा नाही — पोट सुटलेला टायर दगडावर कडेने फाटतो. म्हणून पंप हवा, चांगला. बाभळीच्या काट्यासाठी आतले थर जास्त असलेलाच माल घ्यायचा. सगळी चाकं एकाच मापाची, म्हणजे जादा टायर कुठेही बसेल.

दोन पानं झाली. शेवटी म्हणाले, "जावयान विचारलान?" मी हो म्हटलं. खूश झाले. कोटाच्या बाहीने डोळे पुसले, मग म्हणाले घाम आला.

१५ नोव्हेंबर

हे लिहायची लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहू.

संध्याकाळी हे गुणगुणत आले. अंबिकाचा वाढदिवस होता, ऑफिसात पेढे वाटले तिने. एक माझ्यासाठी कागदात बांधून पाठवलाय. शर्ट खुंटीला लावता लावता म्हणाले, "अप्पांचं ते लिहून आणलंस ना? दे. उद्या अंबिकाला दाखवतो. खूश होईल ती."

पत्र माझ्या पिशवीतच होतं. हात घातला होता मी पिशवीत.

म्हटलं, "अप्पांना ताप आहे. काही बोलणं झालं नाही."

"असू दे. कॅटलॉग आहेच," म्हणाले.

पत्र ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं. निवडू दे तिला चुकीचे. पडू दे तोंडघशी साहेबांसमोर. पेढा मोलकरणीला दिला.

१९ नोव्हेंबर

टायर आले. दात असलेले. "अंबिकाने निवडले?" मी विचारलं. "आम्ही मिळून," म्हणाले.

मिळून. पण मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

माहीमच्या किनाऱ्यावर लॉरीची परीक्षा होती. घरच्यांना बोलावलं होतं. मी अंजिरी साडी नेसून गेले.

लॉरीत पाण्याने भरलेली पिंपं. ड्रायव्हर राजाराम. ओल्या वाळूवर ठीक चालली, कोरड्या वाळूत शिरली आणि वीस पावलांत थांबली. राजारामने जोर दिला. मागची दुहेरी चाकं जागच्या जागी गरगरली, वाळू माणसाच्या उंचीएवढी उडाली आणि लॉरी पोटावर बसली. जेवढा जोर तेवढी खाली. अप्पा म्हणाले होते अगदी तस्सं.

भरती सुरू झाली होती. पाणी पुढच्या चाकाशी आलं तेव्हा कोळीवाड्यातले लोक दोर आणि फळ्या घेऊन धावले. पंधरा-वीस जणांनी ओढून काढली. तोवर मागचा एक टायर फळीच्या खिळ्यावर कापला होता.

मोठे साहेब छत्री टेकून बघत होते. "आचरेकर, ही निवड कोणाची?"

आचरेकर म्हणजे हे. मी मात्र अंबिकाकडे बघत होते. हाच क्षण बघायला तर आले होते.

साहेबांनी स्वतःच फाइल उघडली. तिच्यात अंबिकाची चिठ्ठी होती — वाळूसाठी हे टायर योग्य वाटत नाहीत, जाणकार माणूस मिळेपर्यंत खरेदी थांबवावी. खाली यांचा शेरा: गरज नाही. खाली यांची सही.

यांचा चेहरा पांढरा पडला. साहेब काही बोलणार तेवढ्यात ती पुढे झाली. "शेवटी मीही हो म्हटलं, सर. दोघांची चूक आहे."

यांच्या बाजूला ती उभी राहिली. मी दहा पावलांवर, साडी वाळूपासून सांभाळत.

२५ नोव्हेंबर

यांना तुकडीतून काढतील असं दिसतं. जेवले नाहीत. खिडकीशी बसून म्हणाले, "तिथे एका विहिरीपासून दुसरी चाळीस मैलांवर असते, कालिंदी. तिथे रुतलो असतो तर ओढायला कोळी नव्हते."

मी पंधरा तारखेपासून मनात ती लॉरी रुतवत होते. दर वेळी आत अंबिका एकटीच असायची. हे त्याच लॉरीत बसणार होते, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही.

२७ नोव्हेंबर

पत्र घेऊन माटुंग्याला गेले. तिच्या घरी. तिची आई सुपात तांदूळ निवडत होती, आत बस म्हणाली. अंबिकाने दोन्ही पानं उभ्याउभ्या वाचली. मग पहिल्या पानावरची तारीख पुन्हा बघितली.

"चौदा तारखेचं आहे हे."

"हो."

"टायर एकोणीसला आले."

"हो."

"मुद्दाम ठेवलंत?"

"हो."

"माझ्यामुळे?"

मान हलवली मी. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "वहिनी, मला तुमचे मिस्टर आवडत नाहीत. तसे तर नाहीतच, पण एरवीही फारसे नाहीत. माझं सगळं ऐकून घेतात आणि करतात स्वतःचंच." आणि जराशी हसली. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

"हे लिहून देणारे कोण?"

"माझे वडील. परळला टायर दुरुस्त करतात."

"पण मी आचरेकरांना दोनदा विचारलं. असा माणूस मुंबईत नाही म्हणाले."

दोनदा. येताना ट्राम आली ती मी सोडून दिली. चालत आले दादरपर्यंत.

३० नोव्हेंबर

समितीचे ट्रक प्रतापगडला पोचले असतील. सगळी वाडी बातमीसाठी रेडिओवाल्यांच्या दारात. माझं लक्ष नव्हतं.

३ डिसेंबर

अंबिका अप्पांच्या दुकानात. टायरच्या थप्पीवर, जिथे मी बसते तिथेच. अप्पा मालवणीत सांगतायत, ती वहीत लिहून घेतेय, चाकाचं चित्र काढून दाखवतेय. "चेडू हुशार आसा," अप्पा मला म्हणाले. तिच्यासमोर.

सगळं निस्तरायला मीच तिला तिथे नेलं. तरी जीव जळला. नवरा तिला नको आहे हे कळलं, तर आता बापावरून जळते. मला काय झालंय कळत नाही.

न वापरलेले टायर दुकानदार परत घेणार. सपाट, रुंद, जास्त थरांचे मागवलेत. मागे एकेरी चाकं. पंप अप्पांनी स्वतः बघून घेतला.

८ डिसेंबर, रविवार

पुन्हा माहीम. या वेळी साधी साडी.

अप्पांना प्रतापगडहून परतलेल्या समितीच्या ट्रकांनी अडकवलं, येता आलं नाही. राजाराम हवा काढायला तयार होईना. "बाई, पासष्टची तीस केली तर टायर रिंगमधून निघंल. माझी नोकरी जाईल." अंबिकाही जरा घुटमळली. तीस हा आकडा कागदावर आहे, पण पोट किती सुटलेलं बरं ते कागदावर कसं दिसणार?

मी पदर खोचला आणि चाकाशी बसले. बारा वर्षांची असल्यापासून बघितलंय. वॉल्व्ह दाबला, हवा सुटू दिली, हाताने कडा चाचपत राहिले. चारही चाकं केली. हात काळे. गर्दीत यांचे ऑफिसवाले, त्यांच्या बायका.

लॉरी कोरड्या वाळूत शिरली. थांबली नाही. पार टोकाला गेली, वळली, भरलेल्या पिंपांसकट परत आली. वाळूवर एकच चाकोरी, रुंद, उथळ. कोळी दोर घेऊन उभेच राहिले.

साहेबांनी विचारलं, "या बाई कोण?"

अंबिका बोलली नाही. मुद्दाम बोलली नाही, मी बघितलं. ती यांच्याकडे बघत राहिली. मीही.

"माझी पत्नी," हे म्हणाले. थांबले. मग मोठ्याने, "आमच्या सासऱ्यांचं परळला टायरचं दुकान आहे, सर. मिसरच्या वाळवंटात होते ते. हे सगळं त्यांनी सांगितलं. मी त्यांना आधीच विचारायला हवं होतं."

१० डिसेंबर

आज यांना पत्राचं सांगितलं. सगळं. ताप नव्हता, पत्र पिशवीत होतं, का दिलं नाही तेही.

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. पायात चपला घातल्या, खाली गेले, दीड तासाने आले. म्हणाले, "चौपाटीवर बसलो होतो. तुझा राग आलाय. पण मी तिला दोनदा सांगितलं, असा माणूस नाही म्हणून. तेव्हा तू तिथे नव्हतीस. ते माझं मीच केलं."

नंतर दोघं जेवलो.

१५ डिसेंबर

यांना ठेवलं तुकडीत. साहेबांनी ताकीद देऊन सोडलं. हे अप्पांच्या दुकानात स्वतः जाऊन सांगून आले. जाताना मला बरोबर ये म्हणाले नाहीत, एकटेच गेले. अप्पांनी चहा पाजला म्हणे.

मला आनंद झाला पाहिजे. हे जाणार, ती जाणार, राजाराम जाणार. मी इथे गिरगावात, टायर कसे चाललेत ते पत्रातून वाचणार.

२ जानेवारी १९५८

परवा वरच्या ऑफिसातून पत्र आलं — दुसरी बाई सोबत असल्याशिवाय मिस तळपदेंना पाठवता येणार नाही. आणि एकही जागा वाढवता येत नाही, कोणीतरी कमी करावं लागेल. यांनी काल अर्ज दिला. आज मंजूर होऊन आला, तेव्हा मला दाखवला. टायर व सामानाची देखरेख: सौ. कालिंदी आचरेकर. स्वतःचं नाव रेघ मारून खोडलंय.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मला तुझा हेवा वाटतोय," म्हणाले. "आत्ताच सांगून टाकतो."

शनिवारी सकाळी निघायचं.