वेंडेलिन हे नाव रिकामं नाही

४ ऑक्टोबर १९५४, सोमवार. सकाळी, दूध काढून झाल्यावर.

आणि वर मलाच विचारतात, आई, तुला आनंद नाही का झाला! झाला ना. नातू झाला, धडधाकट, नाक आमच्या घरचं. शनिवारी झाला आनंद, रविवारी दुपारच्या कॉफीपर्यंत टिकला. मग जावई तोंड पुसून म्हणाला, नाव ठरलं, वेंडेलिन. जसं काही धुरात टांगलेलं डुकराचं मांस, कुणीही सुरी घेऊन जावं!

मी म्हटलं, ते नाव वापरात आहे.

माझी लेक बुर्गा पलंगावरून म्हणाली, आई, दहा वर्षं झाली गं.

झाली असतील. माझा वेंडेलिन चव्वेचाळीसच्या जूनपासून रशियात आहे. सैन्याच्या कागदावर ‘बेपत्ता’ लिहिलंय. मेला असता तर तसं लिहिलं असतं, त्यांच्याकडं शाई काय कमी होती? पत्र नाही, कबूल. पण लिहायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा. सैन्यातून सगळी मिळून अकरा पत्रं, त्यातल्या चारांत नुसते मोजे मागितलेत.

आमच्या घरात एका वेळी एकच वेंडेलिन. एक कबरीत जातो तेव्हा दुसऱ्याला नाव मिळतं. पणजोबांपासून असंच चालत आलंय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणजे आता या पोराला ते नाव दिलं की चर्चमध्ये चारचौघांत सांगायचं, माझा मुलगा मेला. आणि वर केक कापायचा.

ठरवलं: जावयाशी बोलणार नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार

बोलले. पण फक्त गाभण गाईबद्दल. ते धरायचं नाही.

मी काही नुसती अडून बसणारी बाई नाही. दुसरी नावं शोधून दिली. उलरिश: मी तीन बघितले, तिघंही चिक्कू. माग्नुस: नाव चांगलं, पण गिरणीतला माग्नुस तिरळा आहे, हाक मारली की तोच डोळ्यासमोर येणार. फिडेलिस: बायकी. राहिलं ब्लाझियुस, जावयाच्या बापाचं. तो जिवंत आहे, पण त्यांच्या घरात चालतं तसलं. त्यांच्याकडं दोन ब्लाझियुस आहेत आणि हाक मारली की एकही येत नाही.

जावई गेबहार्ट म्हणाला, आई, माझ्या बापाचं नाव राहू दे. बुर्गाला तिच्या भावाचं हवंय.

भावाची एवढी माया असेल तर त्याच्या कोटाला कधी ब्रश मारते का ती? मी मारते, दर शनिवारी. दाराशेजारच्या खुंटीवर आहे तो. जावयाला मी वेगळा खिळा ठोकून दिलाय.

हा गेबहार्ट स्वतः एकोणपन्नास साली रशियातून आला. येतात ना माणसं! तोंडावर सांगितलं त्याला. तो उठून गोठ्यात गेला. उत्तर सुचलं नाही की गोठा.

७ ऑक्टोबर, गुरुवार

झोप चांगली लागली, कारण युक्ती सापडली. आमच्या घरचं प्रत्येक मूल एकाच पांढऱ्या झग्यात बाप्तिस्म्याला जातं. झगा नाही तर बाप्तिस्मा नाही. झगा मी ओट धान्याच्या पेटीत तळाशी पुरलाय. बुर्गा बाळंतपणातून दोन आठवडे उठायची नाही, आणि पुरुषाला घरात काय कुठं असतं ते कळतच नाही.

१० ऑक्टोबर, रविवार. दुपार.

जिंकले. गेबहार्टचा भाऊ, पोराचा धर्मपिता, काळा सूट घालून त्याला बाप्तिस्म्याला न्यायला आला. मी सगळी कपाटं उघडून दाखवली, स्वतःही शोधलं, दोनदा स्टुलावर चढले. शेवटी फादरना निरोप गेला, आज नाही. भावानं मनुकांचा पाव निम्मा खाल्ला आणि गेला.

बुर्गा भिंतीकडं तोंड करून पडून होती. येईल ताळ्यावर. बाळंतिणीला रडू येतंच.

११ ऑक्टोबर, सोमवार

फादर घरी आले. बूट न पुसता आत आले, म्हणजे रागावलेत. म्हणाले, क्रेसेन्स, नऊ दिवसांचं मूल बाप्तिस्म्याशिवाय घरात ठेवता? काही बरंवाईट झालं तर देवाला काय सांगाल?

मी म्हटलं, नाव अडलंय, मी नाही. मग त्यांना घरची रीत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी सकाळी चर्चचं जुनं रजिस्टर बघितलं. तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा चोवीस सालच्या अकरा मेचा. तुमचे सासरे वेंडेलिन वारले एकोणीस मेला. आठ दिवस घरात दोन वेंडेलिन होते की!

या माणसाला दुसरी कामं नाहीत.

होते दोन. मी तेव्हा तेवीस वर्षांची, घाई फार. सासरे पाच महिने अंथरुणावर, आणि मी पोर मांडीवर घेऊन त्यांच्या उशाशी जाऊन म्हटलं, मामंजी, नाव द्या आता. ते हसले. दात नव्हते. म्हणाले, घे पोरी, मला आता कोण हाक मारतंय. आठव्या दिवशी गेले.

फादर म्हणाले, मग झालं तर, रीत मोडता येते.

मी म्हटलं, मोडली कुठं? त्यांनी स्वतः दिलं. ज्याचं नाव त्याच्या तोंडानं आलं. माझ्या मुलानं कधी हो म्हटलंय? तुम्ही ऐकलंय?

फादर टोपी घालून गेले. या घरात मी सोडून कुणी सरळ विचार करत नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

सकाळी गेबहार्ट डेअरीवर दूध घालायला गेला होता. बुर्गा ओरडली. मी वर पळाले. बाळाच्या घशात दूध अडकलं होतं, तोंड निळं, हात ताठ. ती ओरडत होती, आई, पाणी घाल! पाणी घाल!

मूल जाऊ लागलं आणि फादर जवळ नसले तर घरातल्या कुणीही पाणी घालावं, नाव उच्चारावं, झाला बाप्तिस्मा. शाळेतच शिकवतात. मला ठाऊक आहे. पलंगाजवळचा पाण्याचा जग हातात होता. मी जग वाकडा केला, पाणी त्याच्या कपाळावर पडायला लागलं आणि माझं तोंड उघडेना. तेच नाव आलं होतं तोंडात. दुसरं एकही आठवेना. उलरिश नाही, ब्लाझियुस नाही, काही नाही. मी तशीच उभी. पाणी उशीत जिरत होतं.

गेबहार्ट तेवढ्यात डेअरीवरून परतला होता, तो खालून धावत आला. पोराला पालथं केलं, पाठीत दोन चापट्या मारल्या. दूध बाहेर पडलं. रडलं ते.

बुर्गा माझ्याकडं बघत म्हणाली, आई, तू त्याला बिननावाचा जाऊ देत होतीस.

मी म्हटलं, हातातला जग घसरत होता.

१३ ऑक्टोबर, बुधवार

गेबहार्टनं न विचारता लाकडं फोडून दिली. सूप खारट झालं, तरी सगळ्यांनी संपवलं.

झगा काढला. धुतला, इस्त्री केली. बुर्गाच्या पलंगावर नेऊन ठेवला. कुठं सापडला, असं तिनं विचारलं नाही. बाळ तिच्या छातीवर झोपलं होतं. ती हळू म्हणाली, आई, रविवारी तूच घेऊन जा त्याला. फादर नाव विचारतील तेव्हा तूच सांग. जे सांगशील ते. मी काही म्हणणार नाही.

म्हणजे माझ्या मनासारखं झालं. खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

मग गेबहार्टजवळ गेले. पाच वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं: तिकडं दहा वर्षं माणूस राहतो का रे? तो कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, मी पाच राहिलो, आई. आमच्या बराकीत पहिल्या थंडीला दोनशे होतो, दुसऱ्या थंडीला चाळीस. गोठ्यात गेला नाही. माझ्याजवळ उभा राहिला.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

वेंडेलिन,

मी कधी तुला ओरडले नाही असं नाही, पण नाव तुझं आहे, तुला न विचारता देणार नाही. पोरगं चांगलं आहे. भूक चांगली आहे. तुझ्यासारखंच डाव्या कुशीवर झोपतं. दिलंस तर वाया जाणार नाही. नाही म्हणालास तरी मी कुणाला तुझ्याविरुद्ध बोलू देणार नाही.

पण आता गप्प बसायचं नाही. खूप झालं. स्वप्नात येऊन सांगितलेलं धरणार नाही, ते मी मला हवं तसंच बघते. पत्र टाक, कुणाच्या हाती निरोप दे, नाहीतर स्वतः ये आणि दारातून सांग. हो किंवा नाही, एवढंच.

रविवार सतरा तारीख. सकाळी नऊला पहिली घंटा होते. मी पोराला घेऊन उभी असेन आणि फादर मलाच विचारतील. त्याच्या आत मला उत्तर पाहिजे.