ताईच्या शेजारची जागा

आई,

भाकरी टोपलीत झाकल्यात. मी दीनाताईला घेऊन चर्चला पुढे गेले. हो, ताईच! तू दानियल म्हणून हाक मारलीस की ती ओ देते, पण मग दिवसभर जेवत नाही.

पुरुषांच्या बाजूला बसायचं की बायकांच्या, एवढ्यावरून ती नाताळपासून प्रार्थनेला आली नाही. शेवटी मीच ट्रान्सजेंडर लोकांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करून विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "जिथे शेजारी घरचं माणूस असेल, तिथे बसा."

म्हणून आम्ही बायकांत बसतोय. तुझी निळी साडी तिने नेसलीय, निऱ्या मी घातल्यात. मंगळीमावशी कुजबुजली तर तिला मी बघून घेईन.

ताईच्या एका बाजूला मी आहेच. दुसरी जागा तुझी. गीतं सुरू झाली तरी तिथे कुणाला बसू देणार नाही.

तुझी रूथ