पेनसाहेबाची चांदी

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
सोलापूर, ता. १२ नोव्हेंबर १९३४

ती. गं. भा. गोजाआजीच्या पायांशी नातू धुळाप्पाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल. कचेरीतले काम बरे चालले आहे, पण अजून टेंपररीच आहे. खाणावळीतली भाकरी पाहून तू हसली असतीस, आरपार उजेड दिसतो.

पत्रास कारण की, मोठ्या दुष्काळात आपल्या भागात असलेले पेनफोल्डसाहेब, जे पुढे विलायतेत मंत्री झाले, ते गेल्या साली वारले. त्यांची मुलगी वडिलांचे कागद आणि वस्तू गोळा करीत आहे आणि त्यासाठी ती खुद्द सोलापुरास येत आहे. साहेबांना ओळखणारे कोणी उरले आहे का, असे हेडक्लार्क चनबसप्पांनी विचारले. मी छाती काढून सांगितले की माझे आजोबा येडू त्यांचे दोस्त. साहेबांनी त्यांना नाव कोरलेली चांदीची तंबाखूची डबी दिली आणि विलायतेहून पत्रेही धाडली. चनबसप्पांनी लगेच वर कळवले. डबी बाईंच्या हाती पडली तर मला कायम करतील, असे ते म्हणतात.

तरी बाजाराला येणाऱ्या गुंडाकाकांबरोबर डबी आणि पत्रे पाठवावीत. लोभ आहेच, तो या खेपेस डबीसकट यावा.

तुझा,
धुळाप्पा

—

बिरोबाच्या नावानं
वाडी, ता. सांगोले, कार्तिकी पुनवेच्या आदल्या दिवशी

चि. धुळाप्पास गोजाबाईचे आशीर्वाद. कागद पोचला. अक्षर सुदारलंय. अक्कल जागच्या जागी हाय.

पेनसाहेब गेला हे वाचून वाईट वाटलं. तुमी मंत्री म्हणा, मला आठवतोय तो तलावाच्या कामावरचा काटकुळा पोरगा. उन्हानं नाक सोललेलं. मेंढीचं दूध दिलं की डोळं मिटून प्यायचा, काढा प्यावा तसा. तंबूत पंतोजी त्याला मराठी शिकवायचा. मी दूध घिऊन जायची आन भाईर धुळीत बोटानं तीच अक्षरं गिरवायची. म्हणून आज तुला हा कागद लिहिती. माझं आन मंत्र्याचं शिक्षण एकाच पंतोजीकडलं, म्होरं तो जास्त बोलायला शिकला इतकंच.

पटकी आली तवा साहेबाचा आचारी पळाला, शिपाई पळालं. तुझा आजा गेला न्हाय. मेंढरं भावावर सोडून तंबूत बसला, पेज पाजली, घाण काढली. बरा झाल्यावर साहेबानं खिशातली डबी काढून त्याच्या हातात दिली. आजानं ती जन्मभर कमरंला लावून रानोमाळ मिरवली. दोस्त विलायतेत मोठा झाला असं कळलं तवा म्हणाला, बरं झालं, पोरगं मार्गाला लागलं.

पत्रं हायती. मराठीतच लिहायचा, वेडंवाकडं. एक शेळीनं खाल्लं, बाकीची ने.

डबी न्हाय. आजा गेला तवा तू सोलापुरात शाळंला हुतास, म्हणून तुला ठावं न्हाय. आपल्यात मेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून त्याला देव्हाऱ्यात बसवत्यात, एवढं तरी शाळंनं इसरायला लावलं नसंल. आजाच्या अंगाला जन्मभर लागलेली चांदी ती एकच. तीच दिली सोनाराला. त्यानं पत्रा ठोकून आजाला घोड्यावर बसवला, हातात काठी दिली. दर दसऱ्याला तू डोकं टेकतोस ते त्याच डबीम्होरं. आता तू डबी मागतोस म्हंजी आजा मागतोस.

भाकरी आरपार दिसत आसंल तर दोन जास्त खा. माया हाय, ती काय मागून मिळत न्हाय.

गोजाबाई

—

॥ श्री ॥
सोलापूर, ता. २६ नोव्हेंबर १९३४

ती. गं. भा. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी चनबसप्पांना वाचून दाखवले. चनबसप्पा म्हणतात, चांदी साहेबांची, ती कोणत्याही रूपात आणा. मी नाही म्हटले. मग त्यांनीच दुसरी वाट काढली. इथले गुरुलिंग सराफ जुनी दिसेल अशी डबी करून वर साहेबांचे नाव कोरून देतात. बाईंनी मूळ डबी कधी पाहिलेली नाही. आजोबा देवात राहतील आणि माझी नोकरीही राहील. कोणी विचारलेच तर हीच ती डबी, इतके तू म्हणायचे.

आजी, दुसरी अशी संधी येणार नाही. उलट टपाली होकार कळवावा. राग असला तरी लोभ असावा.

तुझा,
धुळाप्पा

—

वाडी, मार्गशीर्ष लागला त्या दिवशी

धुळाप्पास,

आशीर्वाद मागं ठेवलाय.

ती पोरगी बापाची म्हणून डबी हातात घेणार, उराशी धरणार, आन ती सराफानं काल घासलेली. बाप मेलेल्या लेकीला असं फसवून कायम व्हायचं आसंल तर हो. दसऱ्याला मातर आजाम्होरं येऊन उभा ऱ्हाऊ नको.

खरं काय ते बाईला सांग. बघायचं आसंल तर तिनं हितं यावं. आजा कुणाच्या कचेरीत येणार न्हाय.

गोजाबाई

—

बिरोबाच्या नावानं
वाडी, मार्गशीर्ष पुनव

चि. धुळाप्पास आशीर्वाद, मागचा धरून.

तू खरं सांगितलंस म्हणून बाई आली. तुला रजा दिली न्हाय हे संगं आलेल्या मिशनच्या मास्तरनं सांगितलं. आमा दोघींमदी तोच बोलत हुता. बाई माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. वाकळंवर बसली, पाय कुटं ठेवावं कळंना तिला.

पत्रं दिली. तिला आपल्याच बापाचं अक्षर वाचता येईना, मास्तरनं वाचलं. एकात लिवलं हुतं की, हितं सभंत माणसं वरडाय लागली की मला येडूची मेंढरं आठवत्यात, पर ती हाकंला थांबायची. बाई हसली, आन तेवढंच पुन्हा वाचाय लावलं.

डबी तिनं मागितलीच न्हाय. येडूला बघू का, इचारलं. मी टाक उचलून तिच्या हातावर ठेवला. तुझी आई कुरकुरली, देवाला मडमेचा हात म्हणून. मी म्हटलं, पटकीत आजानं हात बघून काम केलं न्हाय. ह्याचं तुमी काय करता, असं बाईनं इचारलं. सांगितलं की, धुतो, भंडारा लावतो, निवद दावतो, मेंढरं हरवली तर भांडतो बी. तिनं घोड्यावरनं बोट फिरवलं. म्हणाली, आमच्याकडं बाबांच्या वस्तू काचंच्या कपाटात हायती, त्यास्नी कुणी हात लावत न्हाय.

मग मी तांब्या तिच्या म्होरं सारला. तिनं पाणी घातलं, मी टाक चोळला. चांदी तिच्या बापाची, मालक माझा. भंडारा तिनंच लावला आन आजाला तिनंच जागी ठेवला. पिवळी बोटं पुसली न्हायत, तशीच मोटारीत बसली.

मास्तर मला म्हणत हुता, नातवाच्या नोकरीचं बोला, बाईचा शब्द चालंल. मी बोलले न्हाय. तू खरं बोललास ते मला इकायचं न्हवतं. राग आला आसंल तर येऊ दे. चनबसप्पानं नाव खोडलं तर घरी ये, मेंढरांस्नी टेंपररी आन कायम सारखंच.

आन ध्यानात ठेव. मालक गेल्यावर काढलेले माझ्या पायातले चांदीचे वाळे कणगीमागच्या गाडग्यात हायती. माझा टाक त्यांचाच कर आन आजाच्या शेजारी बसव. घोडा नको, मी चालत येईन.

गोजाबाई