डावीकडची टाकी

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचीचा साष्टांग नमस्कार (डाव्या गुडघ्याला पट्टी बांधलेली असल्यामुळे आठापैकी सातच अंगं टेकली आहेत, आठवं तुम्ही धरून चालावं). तुमची कंबर कशी आहे? वेल्डिंग करताना काळा चष्मा डोळ्यांवर असतो की नेहमीसारखा कपाळावर? मामीचं ब्लडप्रेशर, कॉम्प्रेसरचा खोकला आणि फाटकाची ऑर्डर देऊन गायब होणारी गिऱ्हाइकं, सगळ्यांची खुशाली कळवावी. आईने बजावलं होतं की पत्रात तरी मामाला अहोजाहो कर. एक परिच्छेद केलं, आता पुरे. तुला तुम्ही म्हणताना मी दुसऱ्याच कोणाच्या तरी मामाला लिहितेय असं वाटतं.

पत्र अशासाठी की तू फोनवर येत नाहीस. मामी म्हणते तो वर्कशॉपमध्ये आहे, आणि तिच्या मागे तुझं शिंकणं मला स्वच्छ ऐकू येतं (लागोपाठ तीन शिंका देणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे). आमच्या कॉलेजचं वार्षिक मासिक तुझ्या हातात पडल्यापासून, म्हणजे दोन महिने, हे चाललंय. त्यात माझा चेंडू घेतलेला फोटो आहे आणि खाली ओळ आहे, की ही खेळाडू घरी लागलेल्या चुकीच्या सवयी मोडून इथे नव्याने खेळायला शिकली. तू पाच प्रती मागवल्या होत्यास, एक तुला आणि चार गिऱ्हाइकांना दाखवायला, हे मामीने सांगितलं. त्या चार अजून गठ्ठ्यातून सुटल्या नाहीत, हेही तिनेच सांगितलं. मी तिला म्हटलं, ती ओळ संपादकाने मनाची घातली, मुलाखत घेणारे मीठमसाला लावतातच. तर मासिकात जे यायला हवं होतं ते इथे लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी वाच.

मी अकरा वर्षांची असताना टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना बघून हट्ट धरला आणि तू त्याच दिवशी सळई वाकवून रिंग केलीस. माप कोणाला ठाऊक होतं? तू चेंडू जमिनीवर ठेवलास, चहूबाजूंनी दोन बोटं जागा सोडून सळई फिरवलीस आणि म्हणालास, एवढी बास, उगाच लोखंड कशाला वाया घालवायचं. रिंग वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर चढली. तिच्या डावीकडे पाण्याची सिमेंटची टाकी, समोर लोखंडी अँगलचा ढीग, म्हणजे उभं राहायला जागा उरली ती उजव्या कोपऱ्यात, ड्रिल मशीनच्या खिडकीखाली. सात वर्षं मी तिथूनच टाकत होते. हुकलेला चेंडू टाकीत पडायचा आणि तो काढायला खांद्यापर्यंत भिजावं लागायचं, म्हणून मी हळूहळू हुकायचं सोडून दिलं.

कॉलेजात पहिल्या दिवशी मी मॅडमना (आमच्या कोच, बोलणं मोजकं, शिट्टी भरपूर) सांगितलं, की तुमची रिंग चुकून मोठी बसवली गेली आहे. जगभर एवढीच असते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग काय, आंधळा मागतो एक डोळा. उजव्या कोपऱ्यात उभं राहायचं, चेंडू आला की टाकायचा, गेलाच समजायचं. पोरींनी माझं नाव खुंटी ठेवलं, कारण मी तिथून हलत नसे. एकदा मॅडमनी विचारलं, की डावीकडे एवढं मोकळं मैदान पडलंय, तिकडे का जात नाहीस? माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडे टाकी आहे." सगळ्यांनी वळून बघितलं. मॅडमनीसुद्धा बघितलं.

दुसऱ्या वर्षी समोरच्या संघांना अक्कल आली. दोघी जणी कोपऱ्यात येऊन उभ्या राहिल्या की खुंटी नुसती भिंतीला शोभा. सलग सहा सामने मी एकही गुण केला नाही आणि सातव्याला बाकावर बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळले. मॅडम म्हणाल्या, तुझा डावा हात कुठेतरी राहिलाय, तो घेऊन ये. मग मी डाव्या हाताने दात घासायला लागले (पहिला आठवडा पेस्ट कानापर्यंत), डाव्या हाताने कुलूप उघडायला, डाव्या हाताने केस विंचरायला (खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, कोणाशी झटापट झाली). ग्रंथालयात डाव्या हाताने सही केली, तर ग्रंथपालांनी माझ्याच कार्डावर मला पुस्तक नाकारलं, आणि मी मीच आहे हे सांगायला मॅडमना यावं लागलं. आठ महिन्यांनी मी पहिल्यांदा डावीकडून धावत गेले आणि डाव्या हाताने चेंडू रिंगमध्ये सोडला. टाकीची जागा आली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी जराशी अंग चोरून पळाले.

तिसऱ्या वर्षी कळलं की चेंडू टाकणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे. त्याआधी बघायचं असतं. कोणाचे पाय दमलेत, कोणाची नजर भलतीकडे आहे, आपली कोणती मुलगी मोकळी आहे आणि तिला चेंडू हवाय की ती नुसतीच मोकळी आहे. मी पास द्यायला शिकले, अडवायला शिकले, टाकल्यासारखं करून न टाकायला शिकले. गंमत अशी, की चेंडू दुसऱ्यांना द्यायला लागल्यावर माझेच गुण वाढले, कारण मी आता काय करणार हे समोरच्यांना समजेना (कधीकधी मलाही समजत नाही, पण ते मी चेहऱ्यावर दाखवत नाही). या शेवटच्या वर्षी मी कोपऱ्यातून, मधून, डावीकडून, धावत, थांबून, सगळीकडून गुण केलेत. पहिल्या वर्षाच्या मुली मला ताई म्हणतात आणि खुंटी कोण, हे त्यांना ठाऊकही नाही.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते. मागच्या महिन्यात सराव संपल्यावर मॅडम माझे फ्री थ्रो मोजत होत्या (फाउलनंतर रेषेवरून एकटीने टाकायचे असतात ते, मध्ये कोणी आडवं येत नाही). पन्नासपैकी सत्तेचाळीस गेले. मॅडम म्हणाल्या, तुझा चेंडू लोखंडाला शिवत नाही, बरोबर मधोमध उतरतो. डावा हात मी शिकवला, पास मी शिकवले, हे मात्र मी शिकवलेलं नाही. कुठून आणलंस? मामा, मला तुझी ती दोन बोटं दिसली. एक वाक्य पुरलं असतं, की माझ्या मामाची रिंग लहान होती. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. ती बांधलेलीच होती. लाज वाटली एवढं तेव्हा कळलं, कशाची ते कळायला महिना लागला. तुझ्या रिंगची वाटत होती, आता माझी वाटते.

बाकी सगळं ठीक. अभ्यास जोरात चालू आहे, असं आईला सांग. मामीला नमस्कार, कॉम्प्रेसरला धीर.

तुझी भाची,
खुंटी (निवृत्त)

ता. क. येत्या रविवारी दुपारी चारला अंतिम सामना आहे, माझा कॉलेजातला शेवटचा. तुझी खुर्ची धरली आहे, अर्थात डावीकडची. काल मॅडमना रिंगचं सगळं सांगितलं. पोरींच्या सरावासाठी त्यांना तशीच एक करून हवी आहे. त्यांनी माप सेंटिमीटरमध्ये विचारलं, मी बोटांत सांगितलं. कोणाची बोटं, ते बघायला त्या रविवारी कॉलेजच्या फाटकाशी उभ्या राहणार आहेत.

पुन्हा ता. क. ती ओळ संपादकाने मनाची घातली, असं मी मामीला म्हटलं आणि वर लिहिलंही, ते खोटं आहे. शब्द माझेच आहेत, जसेच्या तसे. त्या बिचाऱ्याने दोनदा विचारलं होतं, असंच छापू ना? मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मला माफ कर.

आणि शेवटचं. मामी म्हणाली, तू रिंग भिंतीवरून उतरवली आहेस. अजून कोणाच्या फाटकात जोडली नसशील तर परत लाव, होती तिथे आणि होती तशीच. परीक्षा झाली की मी येतेय. टाकी हलवू नकोस. तिला वळसा घालून टाकून दाखवायचं आहे तुला.