उमरावाविरुद्धचे पुरावे

रास तनुरा,
शुक्रवार, ८ फेब्रुवारी १९९१

प्रिय सिराज,

टेबलावर रूळ आपटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मास्तर रुळाने ताल धरायचे, चौथीचा अख्खा वर्ग कविता म्हणायचा, आणि त्या गलक्यातून तुझा एकट्याचा आवाज वर निघायचा. कविता मलाही सगळ्या पाठ होत्या, पण एकट्याने म्हणायला उभं तुलाच करायचे. भिंतीपलीकडे मुलींचा वर्ग होता, त्यात शरफुन्निसा होती. दुसरीतच तिची शाळा सुटली, पुढे मोठेपणी माझ्याशी लग्न झालं. पण तुझा आवाज तिने माझ्याआधी ऐकला होता, हे मी आजवर विसरलेलो नाही.

इथे लढाई चालू असली तरी आम्ही ठीक आहोत. खिडक्यांना चिकटपट्ट्या मारल्यात, दाराखाली ओले टॉवेल. भोंगा वाजला की सगळे एका खोलीत, तोंडाला गॅसचे मुखवटे. माझ्या खोलीतला गुरुनाथ, मालवणचा, मुखवट्यातूनही गप्प बसत नाही. त्याच्याकडे कव्हर फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक आहे, ते तो आम्हाला सांगत असतो. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये गरीब बायकांचे एकामागून एक खून झाले, खुनी सापडलाच नाही. लेखकाचं म्हणणं, खुनी एक बडा उमराव होता आणि वरच्यांनी प्रकरण दाबलं. पुरावे काय? तो घरी अवेळी यायचा. त्याच्या डॉक्टरची वही हरवली. एका खुनाच्या दिवशी तो शेकडो मैल लांब शिकारीला होता असं तेव्हाच्या पेपरात छापलंय, तर लेखक म्हणतो, पाहा, बनाव किती बेमालूम! गुरुनाथ मांडीवर थाप मारतो, "कादिरभाय, पुरावो गावना नाय, ह्योच पुरावो!" सगळे मुखवट्यात खुसखुसतात. मी हसलो नाही. तो लेखक मला घरचा वाटला.

कारण तुझ्यावर माझंही असंच पुस्तक तयार आहे. सव्वीस वर्षं माझी पत्रं तू तिला वाचून दाखवतोस आणि तिची उत्तरं तू लिहितोस. गावचा मास्तर तू, निम्म्या बायकांची लिहितोस, हे मला माहीत आहे. पण ते माझ्या पुस्तकात येत नाही. माझ्या पुस्तकात येतं ते एवढंच, की 'लाडके' असं लिहितो मी, आणि तिच्या कानावर पडतं तुझ्या तोंडून. गेल्या सुट्टीत तिला विचारलं, माझी पत्रं कशी वाटतात गं? म्हणाली, "मास्तर छान वाचतात." पुरावा. मी घरी आलो की तू आठवडाभर आमच्याकडे फिरकत नाहीस. पुरावा. मग आलास तो चहा न घेता गेलास. तोही पुरावा, आणि घेऊन गेला असतास तरी मी सोडलं नसतं.

त्यात ते ऑक्टोबरचं पत्र आलं. दोन कौलं फुटली, शेळी व्याली, आणि मध्येच ही ओळ: 'तुमच्याकडचा वारा याच समुद्रावरून येत असेल, म्हणून संध्याकाळी पश्चिमेची खिडकी लावत नाही.' सिराज, स्टोअरमध्ये पाइप उचलताना मी ती ओळ म्हणायचो. साठीच्या म्हाताऱ्याला ती शाळेतल्या कवितेसारखी पाठ झाली. महिनाभर मी जमिनीवर नव्हतो. मग एकदा जेवताना गुरुनाथला ऐकवली. तो म्हणाला, "वैनी कविता करतत काय?" आणि मी हातातला घास ताटात ठेवला. शरफुन्निसा असं बोलत नाही. ती म्हणते, "वारा लागतोय, खिडकी ओढून घ्या." असं बोलणारा आपल्या गावात एकच आहे. तेव्हापासून ती ओळ ओठांवर आली की तोंड कडू होतं, आणि येते तर दिवसातून दहादा.

म्हणून हे पत्र. लढाई संपली की इकामा, हा इथे राहायचा परवाना, परत देऊन कायमचा येतोय. खलास. त्याआधी मला एवढं सांग, ती ओळ कुणाची? तिने सांगितली आणि तू उतरवलीस, की तूच रचलीस? रचली असशील तर त्या खिडकीत मी कुणाच्या शब्दाला भुलून येऊन बसू? हे पत्र तिला दाखवू नकोस. आणि यापुढे माझं कुठलंच पत्र तू वाचू नकोस, मी दुसरं कुणी बघतो. आपली दोस्ती आता

दार वाजतंय. गुरुनाथ किल्ली विसरला असेल.

गुरुनाथ नव्हता. तुझा इब्राहीम आलाय, सरहद्दीवरच्या खफजीहून. सिराज, पोरगा सुखरूप आहे. दाढी वाढलीय, पायात दोन वेगळ्या चपला. लढाईमुळे खफजी रिकामी केली तेव्हापासून हे तिथले सगळे कामगार कुठल्याशा शाळेत पडून होते. तुझ्या गेल्या पत्रात त्याची खबर काढ, याशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि मी एवढी पानं भरली ती त्याचं नावही न काढता. म्हटलं, बाळा, एवढा लांब माझ्याकडेच कसा? म्हणाला, "अब्बांनी सांगून ठेवलंय, काही झालं तर सरळ कादिरचाचांचं दार गाठ, मध्ये कुणाला विचारत बसू नको." समोर बसून डाळभात खातोय. तिसऱ्यांदा वाढला.

आधीची पानं फाडायला हात होत नाही. इब्राहीमचं शेवटचं पान तेवढं सगळ्यात वर ठेवतोय.

तुझाच,
कादिर